उशाशी ठेवलेली शंभराची नोट

पाहुणचार : वाचकांचे प्रश्न

(गणपतीपुळ्याजवळच्या एका रिसॉर्टवर अनेक वर्षं हाऊसकीपिंग सांभाळलेल्या आणि आता गुहागरात घरच्याच खोल्या पाहुण्यांना देणाऱ्या आमच्या लेखिका वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात.)

प्रश्न : दिवाळीनंतर आम्ही तारकर्लीला गेलो होतो, समुद्राला लागून असलेल्या एका रिसॉर्टवर. भाडं दिवसाला साडेपाच हजार. पहिल्या सकाळी किल्ला बघायला निघताना मी खोली साफ करणाऱ्यांसाठी उशाशी शंभराची नोट ठेवली. संध्याकाळी आलो तर चादरी बदललेल्या, खोली लख्ख आणि नोट टेबलावर, पाण्याच्या जगखाली दाबून ठेवलेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आमचे हे म्हणाले, "बघ, त्यांनाच नकोय. आणि भाड्यात सगळं आलंच की." मला मात्र रुखरुख लागलीय. शंभर कमी वाटले असतील का? अशी टिप द्यायची पद्धत आहे की नाही? असली तर किती द्यावी? (एक वाचक, कोथरूड, पुणे)

उत्तर : शंभर मुळीच कमी नव्हते. ती नोट आपल्यासाठी आहे हे तिला कळलंच नाही, किंवा कळूनही उचलायचा धीर झाला नाही.

हाऊसकीपिंगला नवी बाई लागली की पहिल्याच दिवशी तिला दोन गोष्टी बजावतात. मीही बजावत असे. पाहुण्याच्या बॅगेला हात लावायचा नाही आणि खोलीत पैसे पडलेले दिसले तर जिथे असतील तिथेच राहू द्यायचे. कारण पाहुणे पैसे कुठेही टाकतात. टीव्हीवर, उशीखाली, बाथरूमच्या कट्ट्यावर, चादरीच्या घडीत. मग संध्याकाळी एखादे काका रिसेप्शनवर येतात आणि म्हणतात, "माझे पाचशे होते टेबलावर." मॅनेजर त्या बाईला बोलावतो. ती ओल्या हातांनी येऊन उभी राहते. आजूबाजूला चार पाहुणे, दोन वेटर. अर्ध्या तासानं काकूंचा फोन येतो की पाचशे ह्यांच्या दुसऱ्या पॅण्टीच्या खिशात निघाले. काका "सॉरी हां" म्हणून वर जातात, प्रकरण मिटतं. पण तोवर गोष्ट वाडीत पोचलेली असते. किनाऱ्यावरच्या एका गावात अशी कामं देणारी ठिकाणं मोजकीच, आणि सगळे मालक एकमेकांच्या ओळखीचे. एकदा नावाला बट्टा लागला की पुढच्या दारातही उभं करत नाहीत.

आमच्याकडे एक बाई होती, शेजारच्याच वाडीतली. तिची खोली तपासायला गेले की टेबलावरच्या नोटेच्या भोवती फडक्याचा ओला गोल दिसायचा. विचारलं तर म्हणायची, "वयनी, नोट हाय तिथंच हाय. मी फडका तिच्या भवतनंच मारला." तुमची नोट जगखाली गेली ती याच हिशेबानं. पंख्यानं उडून पलंगाखाली गेली असती तर तिलाच जाब द्यावा लागला असता.

तेव्हा द्यायचं असेल तर हातात द्या, आणि "हे तुम्हाला" असं तोंडानं म्हणा. बाई भेटणार नसेल तर एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा, "खोली साफ करणाऱ्या ताईंसाठी", त्यात नोट घडी करून ठेवा आणि कागद उशीवर मधोमध ठेवा. तुमची औषधं, चष्मा, किल्ल्या यांच्या गर्दीत ठेवू नका. हल्ली बऱ्याच ठिकाणी झारखंडची, ओडिशाची, नेपाळची मुलं खोल्या लावतात, तिथे हिंदीत लिहा. नेपाळच्या मुलाला अक्षरं ओळखीचीच असतात, त्याला वाचायला अडत नाही. आणि बाहेर पडताना रिसेप्शनवर सहज सांगून ठेवा, "खोलीत मुलीसाठी पैसे ठेवलेत." या एका वाक्यानं तिच्यावरचं ओझं उतरतं, आणि मधल्या मध्ये ते कुणी गिळंकृत करायचीही शक्यता कमी होते. दोन्ही गोष्टी सांगितल्या पाहिजेत, कारण दोन्ही घडतात.

आता तुमच्या ह्यांचं म्हणणं. ते अर्धं बरोबर आहे. टिप ही सक्ती नाही. नाही दिली म्हणून कुणी तुमची चादर बदलायची ठेवत नाही, तसं कुठे झालं तर मालकाकडे तक्रार करा. तिचा पगार देणं हे मालकाचं काम आहे आणि तो तुमच्या भाड्यातूनच जातो. बिलावरचा जीएसटी मात्र सरकारचा, त्यातलं काही तिच्या हाती लागत नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण "एवढा टॅक्स भरला, आता आणखी काय द्यायचं" असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. (हा टॅक्स कमीही झालाय. दिवसाला साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के लागतो, आधी १२ होता.)

पण मला तुमच्या ह्यांना एक विचारायचंय. रात्री सुरमईचं ताट आणून देणाऱ्या वेटरला त्यांनी काही दिलं का? दिलं असणार. बडीशेपेच्या वाटीत पन्नासाची नोट टाकली असणार, आणि ते रीतीला धरूनच झालं. भाड्यात खोली आली, तसं बिलात ताटही आलंच होतं. मग वेटरला का? तो समोर उभा असतो म्हणून. खोलीतल्या बाईचं काम तुम्ही बाहेर पडल्यावर सुरू होतं आणि तुम्ही परत यायच्या आत ती संध्याकाळच्या एसटीनं घरी गेलेली असते. तिचं काम चांगलं झाल्याची खूणच ही, की ती येऊन गेली हे कुणाच्या लक्षातसुद्धा येत नाही.

लक्षात येत नाही म्हणून जरा सविस्तर सांगते. सकाळी दहाला चेकआऊट, बारा-एकला पुढचा चेकइन. शनिवार-रविवारी आणि नाताळच्या आठवड्यात एकेकीच्या वाट्याला सहा-आठ खोल्या सहज येतात. समुद्रावरची खोली म्हटली की आधी रेती. गादीवर रेती, पायपुसण्यात रेती, न्हाणीत मुलांच्या चड्ड्या झटकलेल्या, त्यामुळे मोरीच्या जाळीत रेती आणि केस. जाळी उचलून हातानंच काढावं लागतं, नुसतं पाणी ओतलं तर पाईप बसतो. किनाऱ्यावर खाऱ्या वाऱ्यानं नळांवर, आरशांवर पांढरा थर धरतो, तो रोज पुसायचा. डबलबेडची गादी चारी कोपऱ्यांनी उचलून चादर खोचायची. दोन-तीन सीझन केले की कंबर बोलायला लागते. आणि रेतीवरून झाडू मारला की लादी साफ दिसते, पण अनवाणी पाऊल टाकलं की करकर लागते. म्हणून पुन्हा ओलं पोतेरं.

एप्रिल-मे आला की हापूस. खोलीत बसून आंबे खायला माझी ना नाही, कोकणात येऊन आंबा नाही खायचा तर काय खायचं? पण हात टॉवेलला पुसतात. आंब्याचा चीक आणि माशाच्या कालवणाची हळद, या दोन गोष्टी पांढऱ्या टॉवेलच्या वैरी. हळदीला साबण लागला की डाग लालभडक होतो, नवी मुलगी असेल तर रडायलाच लागते, वाटतं आपणच टॉवेल घालवला. तसं नसतं. साबण पुरा काढून दोन दिवस कडक उन्हात टाकला की हळद उडते. चीक मात्र जात नाही, तो टॉवेल पुढे पोतेऱ्याला जातो. काही ठिकाणी त्याचे पैसे बाईच्या पगारातून कापतात. हे मी पाहिलेलं आहे. आंब्याच्या दिवसांत रिसेप्शनकडून एखादं जुनं फडकं मागून घेतलंत तर तीसुद्धा मदतच झाली.

पावसाळ्यात वेगळंच. जूनपासून चादरी वाळत नाहीत. वीज असेल तर इस्त्री फिरवून वाळवायच्या, नसेल तर व्हरांड्यात दोऱ्या बांधून वाऱ्यावर. तुम्ही लाल मातीतून चालत येता आणि पांढऱ्या पायपुसण्यावर पाय पुसता.

किती द्यावं, याला नियम नाही. माझं मत विचाराल तर असं : दोन-अडीच हजारांच्या खोलीत राहत असाल तर दिवसाला पन्नास रुपये पुरे. चार-सहा हजारांच्या खोलीला शंभर. त्याहून वरच्या रिसॉर्टवर दोनशे द्यायला हरकत नाही. हे खोलीमागे, माणसामागे नव्हे. घरात लहान मूल असेल, त्यानं गादी ओली केली असेल, कुणाला गाडी लागून उलटी झाली असेल, तर शंभराचे दोनशे करा आणि लाजू नका, बाईला सांगा. सांगितलं की ती आधी गादी उन्हात टाकते. लपवलंत तर ती रात्री पुढच्या पाहुण्याच्या नाकाला कळते.

गणपतीत किंवा शिमग्यात आलात तर थोडं जास्तच द्या. त्या दिवसांत आमच्याकडे कामाला माणूस मिळत नाही. घरचा गणपती जावेवर सोपवून जी बाई तुमची खोली लावायला येते, तिनं मालकाच्या शब्दाखातर तेवढं केलेलं असतं.

आता रोज द्यावं की निघताना? मोठ्या रिसॉर्टवर रोज. तिथे खोल्या आलटून पालटून लावतात, आणि प्रत्येकीची आठवड्याची सुट्टी वेगळी. तुम्ही तीन दिवस राहिलात आणि रविवारी निघताना तीनशे ठेवलेत, तर ते रविवारी आलेल्या मुलीला मिळणार. शुक्रवारी तुमच्या मुलांची रेती काढलेली बाई त्या दिवशी घरी. छोट्या ठिकाणी एकच बाई असते, तिथे शेवटी दिलेत तरी चालतं, पण निघायच्या गडबडीत राहून जातं. सकाळची गाडी पकडायची असेल तर आदल्या दुपारीच देऊन टाका.

सुट्टे नसतात, ही खरी अडचण आहे. एटीएममधून बहुतेक वेळा पाचशेच्याच नोटा येतात. घरून निघतानाच पन्नास-शंभराच्या दहा-बारा नोटा वेगळ्या ठेवा. काउंटरवरच्या क्यूआर कोडवर टिप पाठवू नका, ती मालकाच्या खात्यात जाते आणि जमाखर्चात हरवते. बाईच्या स्वतःच्या फोनवर पाठवता येईल, पण आधी विचारा. पुष्कळ घरांत फोन तिच्या हातात आणि त्याला जोडलेलं खातं नवऱ्याचं, असा मामला असतो. रोख पैसे निदान तिच्या पदराला राहतात.

प्रश्न : मुलगी न्यू जर्सीला असते. ती इकडे आल्यावर आम्ही अलिबागला गेलो, तर रोज हिशेब करून डॉलरच्या मापानं टिप ठेवायला लागली. आपल्याकडे एवढं करायची गरज आहे का? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : मुलगी तिथल्या रीतीनं वागतेय. अमेरिकेतला हिशेब वेगळा आहे. तिथे टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकानं स्वतःच्या खिशातून द्यायचा किमान पगार केंद्रीय कायद्यानं १९९१ पासून ताशी २ डॉलर १३ सेंटवरच आहे. टिप धरून ताशी ७ डॉलर २५ सेंट भरले नाहीत तरच फरक मालकानं घालायचा. बऱ्याच राज्यांनी आपले दर यापेक्षा चढे ठेवलेत, पण ग्राहक टिप देणारच हे तिथे गृहीत धरलेलं असतं. खोलीसाठी रात्रीला १ ते ५ डॉलर ठेवावेत, रोज ठेवावेत आणि कुणासाठी ते चिठ्ठीवर लिहावं, असं तिथली हॉटेलवाल्यांची संघटनाच सुचवते. म्हणजे चिठ्ठीवाचून तिकडच्या बाईचंही अडतं.

डॉलरचं माप इथे लावू नका. एका खोलीत पाचशे दिले की पुढच्या खोलीतल्या पन्नास देणाऱ्या आजोबांना उगाच कानकोंडं होतं. मुलीचा हात सढळ असेल तर चांगलंच आहे, निघताना कपडे धुणाऱ्याला आणि बागेत पाणी घालणाऱ्यालाही द्यायला सांगा. त्यांच्याकडे कुणी फिरकत नाही.

प्रश्न : गणपतीपुळ्याच्या वाटेवर एका हॉटेलात जेवणाच्या बिलात १० टक्के सर्व्हिस चार्ज लावला होता. विचारलं तर म्हणाले, तो स्टाफला वाटतो. मग वेगळी टिप देऊ नये ना? (एक वाचक, सांगली)

उत्तर : न विचारता लावलेला सर्व्हिस चार्ज काढून टाका म्हणायचा तुम्हाला अधिकार आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली : हॉटेल किंवा रेस्टॉरंटनं हा आकार बिलात आपोआप लावायचा नाही, वेगळ्या नावानं लावायचा नाही, आणि ग्राहक नको म्हणाला तर सक्ती करायची नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या होत्या. २८ मार्च २०२५ च्या निकालात न्यायालयानं ही तत्त्वं उचलून धरली. ऐकत नसतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. फोन लावायची वेळ सहसा येत नाही, नंबर माहीत आहे एवढं कळलं की बिल नवीन छापून येतं.

आकार काढून घेतलात तर वेटरच्या हातात थोडं ठेवा. नाहीतर तुमचं भांडण मालकाशी आणि फटका पोराला.

प्रश्न : मी हर्णैकडे एका हॉटेलात खोल्या लावते. मालकांनी काउंटरवर टिपेचा डबा ठेवलाय. पाहुण्यांनी हातात दिलेले पैसेही त्यात टाकायचे असा हुकूम आहे. महिन्यानं ते एकटेच डबा उघडतात आणि एवढे निघाले म्हणून वाटून देतात. वेटर म्हणतात, टिप आमच्यामुळे येते, आम्हाला जास्त हवी. पगारवाढ मागितली तर म्हणतात, टिप मिळते ना. काय करावं? (पत्रलेखिकेचं नाव दिलेलं नाही)

उत्तर : ताई, तुमचं पत्र आलं याचा मला फार आनंद झाला. हे सदर पाहुणेच वाचतात असं मला वाटत होतं.

डबा ही कल्पना वाईट नाही. उलट तुमच्यासारखीला तो फायद्याचा आहे. वेटरच्या हातात रोज दहा गिऱ्हाईकं पैसे ठेवतात, तुमच्या हातात आठवड्यातून एखादं. आणि मागे भांडी घासणारी बाई, चादरी धुणारा, पहाटे उठून पंप चालू करणारा, यांचं तोंडसुद्धा पाहुण्यानं पाहिलेलं नसतं. डबा असला तर त्यांच्याही वाट्याला काही येतं. वेटरांना हे शांतपणे सांगा : सुरमई त्यांनी वाढली, पण ताट घासलेलं होतं म्हणून वाढली.

डबा कोण उघडतो, इथे सगळी गोम आहे. आमच्याकडे तो दर सोमवारी दुपारी उघडायचा. शनिवार-रविवारची गर्दी सरलेली असते, सगळे जरा बसलेले असतात. सगळ्यांसमोर टेबलावर ओतायचा, दोघांनी मोजायचा, वहीत आकडा लिहायचा, मग वाटायचा. जेवढे दिवस काम, तेवढा वाटा. सुट्टीवर असलेलीचा हिस्सा कमी, आजारी असलेलीचा मात्र कापायचा नाही, हे आम्हीच आपसात ठरवलं होतं. मालक आणि मॅनेजर यांचा वाटा शून्य. कुलपाची किल्ली मालकांकडे राहू द्या, त्यांना तेवढा मान हवा असतो, पण उघडताना तुमच्यातले दोघं हवेत एवढं मागा. एकटीनं जाऊ नका. चौघी-पाच जणी मिळून, सीझन तोंडावर आला असताना जा. नाताळच्या आधीच्या आठवड्यात कुठलाच मालक माणसं तोडत नाही.

हातात दिलेले पैसे डब्यात टाकायचे, हा नियम असेल तर तो वेटरांनाही लागू हवा. त्यांची बडीशेपेची वाटी त्यांच्या खिशात आणि तुमची नोट डब्यात, हे चालणार नाही.

पगाराचं बोलणं डब्यापासून वेगळं ठेवा. पाहुण्यानं खुशीनं दिलेलं ते तुमचं, त्याचा मालकाच्या पगाराशी संबंध नाही. किमान वेतन मालकानं स्वतः द्यायचं असतं, "टिप मिळते" म्हणून ते कमी करता येत नाही. हातात पडतो तो पगार आणि सहीच्या कागदावरचा आकडा एकच आहे का, तेवढं बघा. नसेल तर जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात जाऊन दर विचारून या. नाव न सांगताही दर विचारता येतो.

प्रश्न : आम्ही दिवेआगरला एका घरगुती निवासात उतरलो होतो. मालकीणबाई स्वतःच खोली झाडत होत्या, स्वतःच मोदक वाढत होत्या. निघताना त्यांना दोनशे रुपये द्यावेसे वाटले, पण अपमान होईल म्हणून दिले नाहीत. देताना काही जुने कपडे आणि उरलेला खाऊही द्यायचा विचार होता. (एक दांपत्य, नाशिक)

उत्तर : मालकीणबाईंना पैसे दिले नाहीत ते बरं केलंत. घरात राहून पाहुणे ठेवणाऱ्या बाईला तुम्ही तिच्या घरचे पाहुणे असता, भाडं ती घेतेच. मला कुणी वर पैसे देऊ केले तर मी घेत नाही. मात्र तिच्या हाताखाली सकाळी भांडी-लादीला कुणी येत असेल, बहुतेक येतंच, तर तिला द्या. मालकीणबाईंनाच विचारा, "तुमच्याकडे कामाला येतात त्यांना काही देऊ का?" त्या हसून हो म्हणतील आणि हाक मारतील.

मालकीणबाईंसाठी करायचंच असेल तर निघताना त्यांच्याकडचं कोकम, कुळथाचं पीठ, फणसपोळी काय असेल ते विकत घ्या, आणि घासाघीस करू नका. घरी पोचल्यावर गूगलवर चार ओळी लिहा, जेवणात काय होतं त्याच्या नावासकट. "मस्त जागा" एवढंच लिहिलेलं कुणी वाचत नाही. "डाळिंब्यांची उसळ आणि घावन" लिहिलंत तर पुढच्या शनिवारी दोन फोन येतात.

कपड्यांचं आणि खाऊचं मात्र जरा जपून. न फोडलेला बिस्किटांचा पुडा, मुलांचा चांगला स्वेटर, हे विचारून द्यायला काहीच हरकत नाही. अर्धी खाल्लेली फरसाणाची पिशवी, तळाला आलेला शाम्पू, कॉलर विटलेला शर्ट हे पलंगावर मांडून "ताईंसाठी" अशी चिठ्ठी लिहिणारेही असतात. त्या बाईला ते कचऱ्यात टाकायचं आणखी एक काम लागतं, आणि टाकताना कुणी पाहिलं तर "दिलेलं फेकते" हे ऐकून घ्यावं लागतं ते वेगळं. दारूची उरलेली बाटली तर ठेवूच नका. ती कुठल्या घरी जाईल आणि तिथे काय होईल हे तुम्हाला माहीत नसतं. आम्हाला माहीत असतं.

प्रश्न : वेळणेश्वरला सासूबाईंची सोन्याची कुडी खोलीत राहिली. आम्हाला चिपळूण ओलांडल्यावर आठवलं. फोन केला तर मालक म्हणाले, मुलीला न्हाणीच्या जाळीत सापडली, ठेवलीय. त्यांनी कुरिअरनं पाठवली, पैसेही मागितले नाहीत. आता काय पाठवावं? (एक वाचक, कराड)

उत्तर : कुरिअरचा खर्च मालकांना आजच पाठवा. मुलीसाठी वेगळं बक्षीस द्या, आणि ते तिच्या नावानं. फोन करून आधी तिचं नाव विचारा. "तुमच्या त्या मुलीला द्या" म्हणून पाठवलेले पैसे वाटेत कुणालाही मिळू शकतात, नाव घेतलं की मालकालाही ते तिलाच द्यावे लागतात. जमलं तर तिच्याशी फोनवर बोला, सासूबाईंना बोलू द्या. किती म्हणाल तर सोन्याच्या आजच्या भावाकडे बघता हजारापेक्षा कमी पाठवू नये असं मला वाटतं. जाळीतल्या रेतीत कुडी दिसायला नजर लागते आणि दिसल्यावर ती वर आणून द्यायला मन लागतं.

आमच्याकडे सापडलेल्या वस्तूंची वही असते. तारीख, खोली, वस्तू, कुणाला सापडली. त्यात पैंजण आहेत, कवळी आहे, एकदा तर नव्या नवरीचं मंगळसूत्र होतं, ते न्यायला नवरा रात्री दोनला उलटा आला. अशा वस्तूंसाठी लोक धावत येतात. चार्जरसाठी मात्र कुणी फोन करत नाही. माझ्याकडे एक डबा भरलाय. या सीझनला कुणी गुहागरला येणार असेल तर येताना चार्जर आणू नका, इथे सगळ्या पिनांचे मिळतील.